तीस मिलीचा हिशेब

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क ही जबल अलीजवळची २,३०० हेक्टरांची वसाहत. १९९७ साली ती आकाराला येऊ लागली. गोदामं, कारखाने, कामगारांची निवासस्थानं, ग्रीन कम्युनिटीतली टुमदार घरं आणि एनएमसी रॉयलसारखं मोठं रुग्णालय, सगळं इथे आहे. इथल्या नोकरदाराची रजा मोजकी. त्यामुळे टमी टक करायचं ठरलं की तारखांची जुळवाजुळव सुरू होते: पोटाच्या नळ्या कितव्या दिवशी निघतील? ऑपरेशन दुबईत होवो की मुंबई-पुण्यात, सर्जन उत्तर देतात ते मिलिलिटरमध्ये.

टमी टकमध्ये बाळंतपणानंतर किंवा वजन घटल्यावर लोंबणारी कातडी आणि चरबी काढतात, सैल पडलेले स्नायू शिवून घट्ट करतात. त्यासाठी वरची कातडी स्नायूंपासून बरीच वरपर्यंत सोडवावी लागते. ती परत ताणून शिवली तरी आत पोकळी उरते, तुटलेल्या लसवाहिन्यांतून पाणी झिरपत राहतं. ते साचलं की सेरोमा. या ऑपरेशननंतरची ही नेहमी आढळणारी गुंतागुंत.

ऑपरेशनच्या वेळी कातडीखाली बसवलेली नळी हे पाणी ओढून घेते. तिच्या टोकाला पेरूएवढा रबरी फुगा असतो. रोज ठरल्या वेळी त्याचं बूच उघडायचं, पाणी मापाच्या पेल्यात ओतायचं, आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचा, मग फुगा दाबून हवा काढायची आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं. फुगा दाबायचा राहिला तर ओढच लागत नाही.

रोजचा आकडा वहीत लिहायचा, डाव्या-उजव्या नळीचे रकाने वेगळे. सुरुवातीला लालसर पाणी, नंतर गुलाबी, पुढे पिवळसर. एका नळीतून चोवीस तासांत तीस मिलीहून कमी पाणी आलं आणि सलग दोन दिवस तसंच राहिलं, की बहुतेक सर्जन ती नळी काढतात. कुणाला आठवडा लागतो, कुणाला दोन. दोन्ही नळ्या एकाच दिवशी निघतील असंही नाही.

घाई केली तर पाणी साचतं आणि सुईने उपसावं लागतं, कधी पुन्हा पुन्हा. फार दिवस ठेवली तर नळीच्या वाटेने जंतू आत शिरण्याचा धोका वाढतो. कालपर्यंत साठ मिली येत होतं आणि आज एकदम शून्य, तर खूश होण्याआधी पोट पाहावं. नळी गुठळीने तुंबलेली असू शकते. अचानक भरभरून लालभडक रक्त, ताप किंवा एका बाजूला फुगवटा दिसला, तर सर्जनला लगेच कळवायचं.

नळीच नको, असंही करता येतं. अमेरिकेतील हार्लन आणि टॉड पोलॉक यांनी २००० साली कातडी आतून जागोजाग स्नायूंवर टाचण्याची पद्धत मांडली. पोकळीच मिटली की पाणी साचायला जागा उरत नाही. आज अनेक सर्जन असे टाके घालून नळ्या टाळतात. मात्र ऑपरेशनला वेळ जास्त लागतो आणि सेरोमा कधीच होणार नाही, अशी हमी नसते.

मुंबईत ऑपरेशन करून दुबईला परतणाऱ्यांनी परतीचं तिकीट बदलता येईल असं काढावं. टमी टकनंतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, म्हणून विमानप्रवासाची परवानगीही सर्जनकडूनच घ्यावी. नळी दुबईत काढायची असेल, तर तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं आणि ऑपरेशनच्या कागदांबरोबर रोजच्या आकड्यांची वहीही न्यावी.