गच्चीवरचं विमान आणि शेडमधला पंख

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पाहुणा आला की त्याला रणगाड्यांच्या संग्रहालयात न्यायचं हे ठरलेलं. १९९४ साली हे संग्रहालय सुरू झालं, तेव्हापासून मी तिथे कितीदा गेलो याची गणती नाही. अशाच एका फेरीत, जुन्या रोल्स रॉइस चिलखती गाडीसमोर उभा असताना, माझ्या एका माजी विद्यार्थ्याने विचारलं, ‘‘सर, असं जुन्या काळातलं विमान आपल्याला घरी करता येईल का?’’ मी आयुष्यभर सुतारकाम शिकवलेला माणूस. म्हणालो, ‘‘न यायला काय झालं? लाकूड, कापड आणि तारा.’’ त्यावर तो म्हणाला, ‘‘बसून उडता येईल असं?’’ तिथे मात्र मी जीभ आवरली. रणगाडा बंद पडला तर जागच्या जागी उभा राहतो. विमानाला ती सोय नाही.

पण माझं पहिलं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणलं, ते पुस मॉथ नावाच्या विमानातून. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि वरून कापड ताणलेलं होतं. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून. हे त्याच घराण्यातलं पुढचं विमान. याचं धड चक्क प्लायवूडचं. म्हणजे ज्या विमानांना आज आपण पुरातन म्हणतो, ती सुतार, शिंपी आणि लोहार यांच्या हातची कामं होती.

मग आम्ही दोघांनी माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पंखाचा एक तुकडा करायला घेतला. उडण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी. पंखात आडवा मुख्य वासा असतो आणि त्यावर माशाच्या आकाराच्या फासळ्या बसवतात. फासळी दिसते नाजूक, पण तिचा बाक सगळीकडे सारखा यावा लागतो. म्हणून आधी फळीवर साचा करून त्यातच पट्ट्या चिकटवायच्या. हे काम आम्हाला सोपं गेलं. फजिती पुढे झाली.

सांगाड्यावर आम्ही मांजरपाट चढवलं, प्रत्येक फासळीला टाके घातले. टाके का, तर उडताना पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी असतो आणि कापड फासळीवरून वर ओढलं जातं. नुसत्या चिकटवण्यावर भरवसा ठेवायचा नसतो. नंतर कापडावर जे द्रव मारतात त्याला डोप म्हणतात. फर्निचरवर मारतात त्या एन.सी. लॅकरचं हे भावंडच. वाळताना ते आकसतं आणि कापड हलगीसारखं ताणून धरतं. मी उत्साहाच्या भरात वरच्या बाजूला लागोपाठ तीन हात दिले आणि खालची बाजू उद्यावर टाकली. सकाळी पाहतो तो पंखाला पीळ पडलेला आणि मागच्या कडेची पातळ पट्टी प्रत्येक दोन फासळ्यांमध्ये आत ओढली गेलेली! खऱ्या विमानात हा पीळ रोखायला पंखाच्या पोटात तिरप्या तारा असतात, त्या आम्ही ‘नमुन्याला कशाला’ म्हणून गाळल्या होत्या. शिवाय त्या वासाने घरात रागारागी झाली ती वेगळीच. रास्तच होती, हे द्रव भयंकर पेट घेणारं, आणि शेडची खिडकी स्वयंपाकघराकडे उघडते.

शेवटचा हात फिरवणं म्हणजे आपल्याला रंगरंगोटी वाटते. विमानात तिथेच खरी परीक्षा असते. खड्डा दिसला की लांबी भरायची ही आपली सवय; पण लांबीचं आणि रंगाचं वजन असतं. तेच शेपटीकडे जास्त झालं तर तोल बिघडतो. बैलगाडी हाकलेल्यांना हे समजावून सांगायला नको. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढे झाला की धुरजड. धुरजड विमान नाक उचलायला कुरकुरतं, पण उलाळ विमान त्याहून वाईट: नाक वर जातं, वेग मरतो आणि पंख हवा सोडतात. म्हणून पुरं झालेलं विमान तिन्ही चाकांखाली काटे ठेवून तोलतात आणि भारमध्य कुठे येतो ते गणित करून काढतात.

आणि सगळं बरोबर केलं तरी? १७ डिसेंबर २००३ रोजी राइट बंधूंच्या उड्डाणाची शताब्दी होती. अभ्यासकांनी मूळ विमानाची शक्य तितकी तंतोतंत प्रतिकृती केली होती. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्या दिवशी पाऊस पडला, वारा पुरला नाही, आणि प्रतिकृती रुळावरून पुढे जाऊन चिखलात बसली. मला तो प्रसंग आवडतो. त्यांनी हट्टाने जास्त ताकदीचं इंजिन बसवलं असतं तर ते उडालंही असतं, पण मग ती प्रतिकृती राहिली नसती.

आपल्याकडे हा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचं १८९५चं चौपाटीवरचं विमान निघतंच. त्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि वैमानिक शास्त्र म्हणून सांगतात त्या ग्रंथातली विमानं उडू शकणार नाहीत, असं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. मला वाटतं, अभिमानच बाळगायचा तर कॅप्टन अमोल यादवांचा बाळगावा. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या माणसाने कांदिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते जुन्या विमानाची नक्कल नव्हे. आराखडा त्यांचा स्वतःचा. आधीचे प्रयत्न फसले, घरच्यांची पुंजी त्यात गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं २०२० मध्ये. लोक गच्चीची गोष्ट सांगतात. मी विद्यार्थ्याला २०१६ ते २०२० ही वर्षं मोजायला लावतो.

कारण दुसरी गोष्टही आपल्याच राज्यातली आहे. २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुणाने घरी बांधलेलं हेलिकॉप्टर तपासताना पातं तुटून त्याला लागलं आणि तो गेला. वय चोवीस. हाताला कौशल्य होतं, पण जवळ थांबवणारं, तपासणारं कुणी नव्हतं. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांच्या संघटना आहेत, अनुभवी माणसं कापड चढवण्याआधी येऊन सांगाडा पाहून जातात. एकदा कापड चढलं की आतला सांधा झाकला जातो. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी आणि परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो. त्या वेळाबद्दल माझीही तक्रार आहे. पण विद्यार्थ्याला मी सांगितलंय: परवानगीशिवाय इंजिन या शेडमध्ये येणार नाही.

तो थोडा रुसला. दोन रविवार आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तो पंखावरचं सगळं कापड फाडून काढू या म्हणत. पोटात तिरप्या तारा घालून आता आम्ही ते पुन्हा चढवलं आहे. या वेळी डोप दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, अंगणात, आणि चूल बंद असताना. तोलायला कोपऱ्यावरच्या भुसार दुकानातला काटा मागून ठेवला आहे. दुकानदार रविवारी दुपारीच देतो.