केसपेपर फुकट झाला, बाहेरच्या चिठ्ठीचे काय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि आपण ज्याला 'सिव्हिल' म्हणतो ते जिल्हा रुग्णालय, या सर्व ठिकाणी केसपेपर, तपासणी आणि उपचाराचे पैसे घ्यायचे नाहीत, असा हा निर्णय. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला ही लहान गोष्ट नाही.

मात्र वस्तीतल्या अनेकांना एक फरक माहीत नसतो, तो आधी सांगतो. महापालिकेची रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली मोठी रुग्णालये या निर्णयात नव्हती. पुण्याचे ससून, मुंबईचे जे. जे., छत्रपती संभाजीनगरची घाटी, नागपूरचे मेडिकल ही दुसऱ्या खात्याची. तिथे शुल्क भरावे लागले, तर प्रत्येक रुपयाची पावती घ्या. मोठे ऑपरेशन असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या 'आरोग्यमित्रा'ला आधी भेटा. जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली आहे आणि तिचे संरक्षण वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

आता मुख्य प्रश्न. आमच्याकडे येणाऱ्या आयाबहिणींच्या पिशवीत केसपेपरसोबत बाहेरच्या मेडिकलची बिलेही असतात. "इथे औषध नाही, बाहेरून आणा" एवढे तोंडी सांगितले जाते आणि मोफत उपचाराचा खर्च घरावर येतो. औषध नसणे हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे आणि कर्मचारी पुरेसे होते का, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

औषधखरेदी सुधारावी म्हणून शासनाने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण नेमले. पूर्वी हे काम हाफकिन महामंडळाकडे होते. पण मुंबईत प्राधिकरण झाले म्हणून आपल्या दवाखान्याच्या खिडकीवर गोळी आली का, हे आपल्याशिवाय कोण पाहणार?

हे पाहण्याचा रस्ता महाराष्ट्राने दाखवलेला आहे. २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या ५ जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावातल्या लोकांनी दवाखान्याचे प्रगतिपुस्तक भरले. डॉक्टर हजर असतो का, औषध मिळते का, पैसे मागतात का, हे त्यात लिहिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले. त्याने अनेक ठिकाणी बाहेरच्या चिठ्ठ्या कमी झाल्या. तोंडी कुरकुर हवेत विरते, लिहिलेल्याला उत्तर द्यावे लागते.

उपचार मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. १९९२ साली रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून एकामागून एक परत पाठवले. शेवटी त्याला खासगीत सुमारे १७,००० रुपये मोजावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैशाची अडचण सांगून शासनाला हे कर्तव्य टाळता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

म्हणून प्रत्येक घराने एवढे करावे. केसपेपर, चिठ्ठ्या आणि बिले एका पिशवीत जपून ठेवा. औषध नाही म्हटले, तर भांडू नका, "साहेब, तसे केसपेपरवर लिहून द्या" एवढेच शांतपणे म्हणा. तरीही बाहेरून आणावे लागले, तर रुग्णाचे औषध थांबवू नका, बिल घ्या आणि त्याची प्रत जोडून वैद्यकीय अधीक्षकांकडे अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. आरोग्य विभागाच्या १०४ क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. बाळंतिणीसाठी २०११ पासून वेगळा हक्क आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरापर्यंतची गाडी, सगळे मोफत.

एकट्या बाईला खिडकीवरून हटवणे सोपे असते. महिला मंडळाने महिन्यातून एकदा विहारात बसून वस्तीतल्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कराव्यात आणि चार-पाच जणींनी मिळून अर्ज द्यावा. दहा घरांच्या दहा चिठ्ठ्या एका अर्जाला जोडल्या, की तो एका बाईचा नव्हे, वस्तीचा प्रश्न होतो.