धन व ऋण पूर्णांक : तुलना आणि बेरीज

उच्च प्राथमिक वर्गात ऋण संख्यांचा परिचय होताच एक ठरावीक चूक आढळून येते. (−५) व (−२) यांत मोठी संख्या कोणती, असे विचारल्यास पुष्कळ विद्यार्थी (−५) असे उत्तर देतात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. दोहोंपेक्षा पाच मोठे, हे त्यांना पहिल्या इयत्तेपासून शिकविलेले असते. शिवाय ‘ऋण’ म्हणजे कर्ज असे सांगितले, की पाच पायलींचे कर्ज दोन पायलींच्या कर्जाहून मोठेच ठरते. म्हणून तुलनेकरिता निराळे उदाहरण योजावे.

तापमापकाचे उदाहरण सर्वत्र देण्यात येते. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात पारा शून्याखाली जात नाही. सिंदेवाहीसारख्या भातपिकाच्या भागातील मुलास गावचा तलाव अधिक परिचयाचा असतो. तलावाच्या सांडव्याचा माथा शून्य मानावा. माथ्यावरून एक वीत पाणी वाहत असल्यास पातळी (+१). दोन विती खाली असल्यास (−२). उन्हाळ्याकडे पाच विती खाली गेल्यास (−५). आता पातळी केव्हा अधिक उंच होती, असे विचारताच मुले (−२) हेच उत्तर देतात. फळ्यावर ही उभी रेषा काढावी व वरची संख्या मोठी, खालची लहान, हा नियम मुलांकडूनच काढून घ्यावा. नंतर वरची बाजू उजवीकडे येईल अशी तीच रेषा आडवी काढावी.

बेरजेकरिता मात्र देण्याघेण्याचे उदाहरण उत्तम होय. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांच्या बेरजेचे नियम दिले. तेथे धन म्हणजे मालमत्ता व ऋण म्हणजे देणे. घरात ३ पायली धान असून ५ पायली देणे असेल, तर असलेले धान देऊन २ पायली देणे उरते :

(+३) + (−५) = −२

दोन देणी एकत्र केल्यास देणे वाढते : (−३) + (−२) = −५

तेवढेच धन व तेवढेच ऋण असल्यास काहीच उरत नाही : (+४) + (−४) = ०

वर्गात चिंचोके धन व खडे ऋण मानून एक चिंचोका व एक खडा यांची जोडी बाजूस काढीत जावे. जे उरेल ते उत्तर. तेच उत्तर रेषेवरही पडताळून पाहावे : (+३) पासून पाच घरे खाली आल्यास (−२) मिळते.

(−५) चे वाचन ‘ऋण पाच’ असे करावे. ‘वजा’ हा शब्द वजाबाकीच्या क्रियेसाठी राखून ठेवावा.

शेवटी दोन प्रश्न एकत्र विचारावेत : ५ व २ पायली यांतील कोणते देणे मोठे? आणि (−५) व (−२) यांतील कोणती संख्या मोठी? देण्याचा मोठेपणा म्हणजे शून्यापासूनचे अंतर. संख्येचा मोठेपणा म्हणजे रेषेवरील स्थान. हा भेद ज्या मुलास स्वतःच्या शब्दांत सांगता आला, त्यास हा पाठ समजला असे मानण्यास हरकत नाही.