एमआयडीसीच्या शेजारचा दवाखाना

पहाटे साडेपाच. खिडकी उघडण्याआधी फट करून वास बघायचा, ही डोंबिवलीच्या निवासी विभागातली जुनी सवय आहे. मिलापनगर, सुदर्शननगर या वसाहतींत आणि कारखान्यांत अंतर असं नाहीच. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, तिच्यावरचा थर त्यामानाने उबदार. त्यामुळे खालचा धूर वर चढत नाही, वस्तीतच रेंगाळतो. रात्री कोणी काही सोडलं असेल तर ते सकाळी आमच्या घशात उतरतं.

आज कुजक्या अंड्यांचा वास आहे, हलका. म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हा वास जास्त आला तर लोक घाबरतात, येईनासा झाला की निर्धास्त होतात. ते निर्धास्त होणं धोक्याचं आहे. या वायूचं प्रमाण बरंच वाढलं की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला टँकरमधून वालधुनी नदीत रसायन ओतलं गेलं, आणि काठच्या वस्त्यांतली शेकडो माणसं मळमळ, चक्कर, कोंडलेला श्वास घेऊन रुग्णालयांत पोचली. आपापल्या घरात झोपलेली माणसं होती ती.

मी वहीत एक ओळ लिहिते: तारीख, वेळ, कसला वास, वारा कुठून. ‘आमच्याकडे रोज वास येतो’ अशी तक्रार कोणालाही बाजूला सारता येते. तारीखवार ओळी सारणं जड जातं.

सात. चालायला बाहेर. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवट पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे स्वतः पाहायला आले होते. रंग दिसला की कॅमेरे येतात. बेन्झीनला रंग नसतो, कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. डोळ्यांना दिसणारं प्रदूषण हा इथल्या प्रदूषणाचा फार लहान भाग आहे, आणि चौकशी बहुतेक वेळा तेवढ्याचीच होते.

साडेनऊ. दवाखाना. बाहेरच्या बाकावर सातआठजण. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. रुग्णाला वैद्य जे प्रश्न विचारतात त्यांत आणखी एक घाला, असं त्याचं सांगणं होतं: तुमचा धंदा काय? सव्वातीनशे वर्षं झाली. आमच्या केसपेपरवर नाव, वय, लिंग, पत्ता असतो, कामाचा रकाना बहुधा नसतो. मी माझे केसपेपर वेगळे छापून घेतले आहेत. त्यांत काम, खातं, शिफ्ट, किती वर्षं आणि ‘हाताला, नाकाला काय लागतं’ असे रकाने आहेत. शेवटचा भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण बरेचदा कामगारालाच ठाऊक नसतं. “पिवळी पावडर.” “तो उग्र लिक्विड, निळ्या ड्रममधला.” “नाव नाही सांगत मॅडम, नंबर असतो त्याला.”

पहिला आला तो सहावीतला मुलगा. छातीत घरघर. वाफ दिली, पंप कसा ओढायचा ते पुन्हा शिकवलं. त्याची आई विचारते, हे एमआयडीसीमुळेच ना? एका मुलाच्या दम्याचं बोट एका चिमणीकडे दाखवता येत नाही, आणि तसं दाखवणं बरोबरही नाही. घरातली ओल आहे, रस्त्याची धूळ आहे, फोडणीचा ठसका आहे. पण त्याला दम कोणत्या रात्री लागला ते मी लिहून ठेवते. पहाटेच्या वहीतल्या ओळींशेजारी या तारखा ठेवल्या तर काही दिसू शकेल, नाहीतर काहीच नाही.

मग आजदे गावातल्या एक आजी. भात लावलेलं आठवतं त्यांना, नाल्यात पकडलेले मासे आठवतात. गुडघ्यांसाठी येतात, बोलतात मात्र पाण्याबद्दल. त्यांच्या मागे बॅगा ओतणारा एक तरुण, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चिरा पडलेली खाजरी कातडी. हातमोजे देतात का? देतात, पण घामाने आत ओले होतात, मग पावडर आत शिरते आणि तिथेच बसते. मलम लिहून दिलं, पण औषध खरं म्हणजे त्याच्या कामाच्या पद्धतीला हवंय.

अकरा. एका हेल्परला त्याचे दोन सोबती धरून आणतात. रात्रपाळी संपता संपता फिल्टर धुताना अंगावर काहीतरी उडालं, शर्ट तसाच अंगावर वाळला. डोकं फुटतंय, गरगरतंय. ओठ आणि नखं जांभळट निळी. छाती तपासली, दोन्ही बाजू स्वच्छ. बोटाला ऑक्सिमीटर लावला: ८६. ऑक्सिजन चालू केला तरी ८६च. सुईने एक थेंब रक्त टिपकागदावर घेतलं, शेजारी सोबत्याचा एक थेंब. सोबत्याचं हवेत लाल राहिलं. याचं चॉकलेटी, तसंच.

अॅनिलीन किंवा त्याच्या कुळातलं काही. ही रसायनं श्वासातून जातात तशीच कातडीतूनही आत जातात. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं लोह बदलतं, मेथहिमोग्लोबिन तयार होतं, आणि ते ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. असं झालं की बोटावरचं ते यंत्रही फसतं, आकडा पंचाऐंशीच्या आसपास अडकून पडतो, मग स्थिती बरी असो की वाईट. रात्री झोपेत असा माणूस कोणाच्या नजरेस पडला नाही तर काय, हा विचार मी बाजूला ठेवते. कपडे काढले, पिशवीत बांधले. साबणाने केस, कानांमागे, नखांखाली धुवायला लावलं. रुग्णालयात आधी फोन करून सांगितलं: मेथिलीन ब्लू तयार ठेवा, आणि देण्याआधी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे का ते विचारात घ्या, कारण ती असेल तर हेच औषध उलटतं. रिक्षा नको, ऑक्सिजनसकट रुग्णवाहिका.

सोबत्याला म्हटलं, ड्रमवरच्या चिठ्ठीचा फोटो पाठव. तो म्हणाला, “मोबाइल गेटवर ठेवतात.” मग वाचून पाठ कर, म्हटलं.

दीड-पावणेदोन. जेवायची वेळ. २३ मे २०२४ ला याच सुमारास अमुदान केमिकल्समध्ये रिअॅक्टरचा स्फोट झाला. मृतांतल्या काहींची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. त्याआधी आठच वर्षं, २६ मे २०१६ ला, प्रोबेस एंटरप्रायजेसमधल्या स्फोटाने बाराजणांचा जीव घेतला होता आणि दोनशेहून अधिक जखमी झाले होते. दोन्ही वेळा काचा दूरदूरपर्यंत फुटल्या. दोन्ही वेळा धोकादायक कारखाने हलवण्याची भाषा झाली. मला त्या मृतांइतकेच ते कामगार डोळ्यांपुढे येतात ज्यांच्या बाबतीत स्फोट कधी होत नाही. लुडविग रेन नावाच्या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये फुक्सिन रंगाच्या कामगारांत मूत्राशयाचा कर्करोग पाहिला आणि तो त्यांच्या कामाशी जोडला. हा आजार यायला पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ जातो. तोवर माणसाने तीन कंपन्या आणि चार ठेकेदार बदललेले असतात. गावी परतून तिथल्या डॉक्टरला तो लघवीत रक्त जातं म्हणून दाखवतो, आणि तो डॉक्टर विचारत नाही की तुम्ही डोंबिवलीला काय करत होता.

अडीच ते चार. दवाखाना बंद, कागदपत्रांचा वेळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक समूहांना गुण दिले. सत्तरच्या वर गेलेला भाग अतिप्रदूषित. डोंबिवलीला ७८.४१ मिळाले, नवी मुंबईला ७३.७७. गुण देण्याच्या पुढे सुधारलेल्या पद्धतीत लोकांच्या आरोग्यालाही काही गुण आहेत, आणि ते परिसरातल्या मोजक्या मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवरून काढतात. मोठ्या रुग्णालयात पोचतात ते कोण? माझ्या बाकावर बसणारा बॅगा ओतणारा मुलगा त्या हिशेबात येत नाही. त्याचा आजार मोजलाच जात नाही, म्हणून तो नाही असं ठरतं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलतं ते हे.

कायदा मात्र कामगाराच्या बाजूने बराच बोलतो. भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात ४१-क ते ज ही कलमं आली. घातक रसायनांशी काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या अद्ययावत नोंदी कारखान्याने ठेवायच्या, कामावर घेण्याआधी आणि नंतर किमान वर्षातून एकदा तपासणी करायची, आणि त्या नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत. मी रुग्णांना विचारते, तुमची तपासणी झाली होती? झाली होती, म्हणतात, सही घेतली. कागद दिला? नाही. कागद मागता येतो हे बहुतेकांना माझ्याकडूनच कळतं. मागायला जातील किती, ते वेगळं. ठेकेदाराकडचा माणूस उद्याच्या हजेरीच्या भरवशावर जगतो.

साडेपाच. रुग्णालयातून फोन. औषध दिल्यावर तासाभरात ओठांचा रंग परतला, आज रात्र ठेवून घेतील. सकाळचा सोबती नाव पाठ करून आला होता: पॅरा-नायट्रोक्लोरोबेन्झीन. माझा अंदाज अॅनिलीनचा होता. हेही त्याच कुळातलं, रक्तावर तेच करणारं.

सात. संध्याकाळच्या गर्दीत त्या हेल्परची बायको येते, कडेवर लहान मूल. पैशांचं विचारेल असं वाटलं होतं. ती म्हणते, “मॅडम, कंपनीचं नाव नका लिहू कुठे. त्यांनी सांगितलंय बिल भरतो म्हणून. नाव गेलं तर परत आत घेणार नाहीत.”

तिला बसवून घेते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ८९ प्रमाणे तिसऱ्या परिशिष्टातला आजार दिसला, किंवा तसा संशय आला, की उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचं असे. रुग्णाचं नाव, पत्ता, आजार, आणि तो कुठे कामाला होता ते. बेन्झीन आणि त्याच्या नायट्रो-अमिडो संयुगांची विषबाधा त्या परिशिष्टात होती. त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेनेही हे कर्तव्य काढलेलं नाही. म्हणजे लिहू की नको हा प्रश्न माझ्यापुढे नाहीच. पण ही बाई भीतीने आली आहे आणि तिची भीती खरी आहे. तिला कलमं वाचून दाखवण्यात काय अर्थ?

मी तिला सांगते, तुझ्या नवऱ्याच्या पाळीत त्याच फिल्टरवर आणखी माणसं आहेत. उद्या रात्रीही तो फिल्टर कोणीतरी धुणार. नोंद झाली तर भरपाई मागायला आधार राहील, आज भरलेल्या बिलाने तो मिळत नाही. पुढे पाच-दहा वर्षांनी काही निघालं तर हाच कागद लागेल. ती ऐकते. पटलं की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून मला ठरवता येत नाही. विचारते, “ईएसआयचं कार्ड काढून देतील का मग?” हा प्रश्न माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा नेमका आहे. कामगार संघटनेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या वकिलाचा नंबर देते, आणि तिच्यासमोरच त्यांना फोन लावते.

साडेनऊ. शटर अर्धं खाली. पत्र लिहायला बसते. सकाळची वेळ, ऑक्सिमीटरचे आकडे, टिपकागदावरचं निरीक्षण, रसायनाचं नाव, रुग्णालयाचा अहवाल मिळताच जोडते असं. शेवटी एक परिच्छेद जादा घालते, कलमात तो मागितलेला नाही: याच खात्यातल्या इतर कामगारांच्या रक्ताची तपासणी व्हावी, आणि फिल्टर धुण्याची जागा, तिथली हवा खेचणारी यंत्रणा, अंघोळीची सोय प्रत्यक्ष पाहावी. एक प्रत माझ्या फाइलला, एक त्या वकिलांना. पत्र उद्या सकाळी पोस्टाने, पोचपावतीसह. सकाळच्या त्या दोन सोबत्यांनाही रक्त द्यायला बोलावलंय, पाळी सुरू व्हायच्या आधी, साडेआठला.