हसायला सोबत लागते

आईपणाच्या धांदलीत विनोद शोधावा, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. जणू तो एकेका बाईच्या स्वभावाचाच प्रश्न आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद तालुक्याकडे पन्नास-साठ वर्षांच्या अंतराने पाहिलं, तर मला वेगळं दिसतं. लेकरांचा गोंधळ तेव्हाही होता, आताही आहे. त्यावर हसता येणं मात्र स्वभावापेक्षा सोबतीवर अवलंबून राहिलं. सांडलेल्या दुधाने एकटी बाई वैतागते. तीच गोष्ट दुसऱ्या लेकुरवाळीला सांगताना तिला हसू फुटतं.

याचा सगळ्यात सबळ पुरावा म्हणजे भुलाबाई. विदर्भ-खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर ती बसते. माहेरी आलेली पार्वती, सोबत भुलोजी आणि लहानगा गणोबा. ही देवी लेकुरवाळी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तिच्या गाण्यांत डोहाळे आहेत, बाळंतपण आहे, सासरचा जाच आहे, आणि तो सांगण्याची रीत हसवणारी आहे. सून माहेरी जायला निघते, तर सासू कारल्याचं बी पेरण्यापासून थेट भाजी खाऊन होईपर्यंत एकेक नवी अट पुढे करते. गाणं लांबतं तसं हसू वाढतं. शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची, चुकीच्या उत्तरांवर खिदळायचं. गाणाऱ्या पोरी, शिकवणाऱ्या आया-आज्या. आई होण्याच्या कितीतरी आधी मुलीच्या कानावर पडायचं, की या सगळ्याला हसता येतं आणि चारचौघींत हसता येतं. जात्याचंही तेच. दळायला सहसा दोघी बसायच्या, एकीच्या ओवीला दुसरी जोड द्यायची. अभ्यासक गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांत दुःख पुष्कळ आहे, पण लेकराचं कौतुक आणि थट्टाही आहे.

यावर कोणी म्हणेल, हे सोसणाऱ्या बायकांचं हसू, त्याचे गोडवे कशाला गायचे? हसून कामाचा बोजा हलका होत नाही, उलट तो चालू ठेवायला मदतच होते. आक्षेप खरा आहे. पहाटेचं दळण सुटलं, गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, ही बायकांची सुटकाच होती. पण भुलाबाईची गाणी कोणाला हसतात ते पाहावं. लेकराला नाही, थकलेल्या आईलाही नाही. अटी घालणाऱ्या सासूला, मूळ म्हणून न्यायला आलेल्या सासरच्या माणसांना, म्हणजे घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांना. असं हसू अन्याय झाकत नाही, तो चारचौघींत मांडतं.

दरम्यान घरं लहान झाली. महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. गोंधळ कमी व्हायला हवा होता. पण धाकट्याला कडेवर घेणारी थोरली बहीण आता शाळेत जाते. तिने जायलाच हवं, कारण पूर्वी तिचं शिक्षण यापायीच बुडायचं. तिचं काम मात्र घरातल्या दुसऱ्या कोणी उचललं नाही, ते आईकडेच आलं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कितीतरी घरांत अभ्यासही आईच्याच फोनवर आला.

मग फोननेच नवी सोबत दिली नाही का? काही प्रमाणात दिली. वऱ्हाडी बोलीतले छोटे विनोदी व्हिडिओ पाहून कापूस वेचून दमलेली बाई मनापासून हसते, त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. फरक इतकाच, की त्यांतल्या पुष्कळ व्हिडिओंत आई होतो तो पुरुष नट, आणि हसण्याचा विषय असतो तिचं ओरडणं. सांगणारी होती ती दाखवली जाणारी झाली. रडणाऱ्या लेकराचा व्हिडिओ तर अनोळखी हजारोंपुढे जातो, त्याला कोणी विचारलेलं नसतं. भुलाबाईपुढे हसणाऱ्या बायका ते लेकरू ओळखत असत, आणि हसून झाल्यावर त्याला उचलून घेत असत. अंगणवाडीत वजनाच्या दिवशी, बचतगटाच्या बैठकीत लेकुरवाळ्या आजही एकत्र येतात. तिथे वजन, हप्ता आणि सही उरकली की पांगायची घाई असते. त्या बैठकीला आणखी अर्धा तास मिळावा आणि तेवढा वेळ घरचं पोरगं बापाने सांभाळावं, एवढी मागणी मला अवाजवी वाटत नाही.