मेंदूला वळ्या कशा पडतात?

गरोदरपणाच्या १८ ते २० व्या आठवड्यात जी सविस्तर सोनोग्राफी होते, तिच्यात बाळाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत दिसतो. त्यात काळजीचे काही नाही. त्या वयात सगळ्यांचाच मेंदू तसा असतो. अक्रोडासारख्या वळ्या आणि खाचा मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. अडचण अशी, की ज्या बाळाच्या मेंदूला पुढेही वळ्या पडणार नसतात, त्याची सोनोग्राफीही या टप्प्यावर बहुधा तशीच दिसते. अहवाल ‘नॉर्मल’ येतो. जन्मानंतर काही महिन्यांत बाळाला फिट्स येऊ लागतात, ते मान धरत नाही, आणि एमआरआय केल्यावर कळते की मेंदू गुळगुळीतच राहिला आहे. या दुर्मिळ विकाराला ‘लिसेनसेफली’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच ‘गुळगुळीत मेंदू’.

मग घरात झाडाझडती सुरू होते. ग्रहणात भाजी चिरली होती का, कुठे पडली-धडपडली होती का, जास्त काम केले का. रोख बहुतेक वेळा आईकडेच असतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा जनुकांत सापडते.

विचार, भाषा, स्मृती ज्याच्यावर अवलंबून आहेत तो मेंदूचा वरचा थर, म्हणजे बाह्यक, अवघा दोन ते चार मिलिमीटर जाड असतो. तो उलगडून पसरला, तर साधारण वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा होईल. एवढा पसारा कवटीत मावतो तो घड्यांमुळे. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. उंदराचा मेंदू गुळगुळीत असतो, मांजराच्या मेंदूला काही वळ्या असतात, माणसाच्या किंवा डॉल्फिनच्या मेंदूला भरपूर.

घडी पडण्याचे यंत्रशास्त्र शिलाई करणाऱ्यांना लगेच कळेल. ब्लाउजचे अस्तर धुतल्यावर आटले आणि वरचे कापड तसेच राहिले, तर वरच्या कापडाला चुण्या पडतात. मेंदूतही वरचा थर आतल्या भागापेक्षा वेगाने वाढतो आणि दुमडतो. हार्वर्ड विद्यापीठातील एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गर्भाच्या मेंदूच्या एमआरआयवरून जेलचा गुळगुळीत मेंदू बनवला, त्यावर एक पातळ थर चढवला आणि तो द्रावणात बुडवला. वरचा थर फुगला, आणि जेलवर पडलेल्या वळ्या खऱ्या मेंदूतल्या वळ्यांशी बऱ्याच मिळत्याजुळत्या निघाल्या.

मग जनुकांचे काम काय? एकेक वळी ती आखून देत नाहीत. वरच्या थरात किती पेशी तयार व्हायच्या आणि त्या कुठे जाऊन बसायच्या, हे ती ठरवतात.

मेंदूच्या चेतापेशी जन्मतात आत, द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला. तिथून त्या आधारपेशींचे लांब धागे धरून पृष्ठभागाकडे चढतात. नंतर जन्मलेल्या पेशी आधी पोहोचलेल्यांना ओलांडून वर जातात, आणि अशा रीतीने सहा थर रचले जातात. चालणाऱ्या पेशीचे पुढचे टोक आधी सरकते, मग जड केंद्रक मागून ओढून आणावे लागते. या ओढण्याला ‘एलआयएस-१’ या जनुकापासून बनणारे प्रथिन लागते. १७ व्या गुणसूत्रावरचे हे जनुक १९९३ मध्ये सापडले. आईवडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक जरी बिघडली, तरी निम्मे प्रथिन पुरत नाही. पेशी वाटेतच थांबतात, थर सहाऐवजी जेमतेम चार होतात, बाह्यक सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही जाड होते आणि दुमडत नाही.

दुसरे जनुक ‘डबलकॉर्टिन’, १९९८ मध्ये सापडलेले. हे एक्स गुणसूत्रावर असते. मुलाकडे एक्स एकच, त्यामुळे त्याच्यात बिघाड झाला की मेंदू गुळगुळीत राहतो. मुलीकडे दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच चालू असतो. चांगला एक्स चालू असलेल्या पेशी वर पोहोचतात, उरलेल्या अर्ध्या वाटेत थबकतात. एमआरआयमध्ये बाह्यकाखाली दुसरे बाह्यक असल्यासारखा पट्टा दिसतो. जनुकाचे नाव त्यावरूनच पडले. (जनुकाला ते बिघडल्यावर काय होते यावरून नाव द्यायचे, ही शास्त्रज्ञांची जुनी खोड.) अशा काही स्त्रियांना फिट्स येतात, काहींना फारसा त्रासही होत नाही. अनुभवी रेडिओलॉजिस्ट चित्रावरून अंदाजही बांधू शकतो: ‘एलआयएस-१’च्या बिघाडात मेंदूचा मागचा भाग अधिक गुळगुळीत असतो, ‘डबलकॉर्टिन’च्या बिघाडात पुढचा.

बिघाड उलट दिशेनेही होतो. ‘जीपीआर-५६’ हे जनुक बिघडले की वळ्या बारीक आणि जास्त पडतात. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी तीन कुटुंबांतील पाच जणांची माहिती दिली. त्यांचे जनुक शाबूत होते. ते चालू-बंद करणाऱ्या भागातली केवळ १५ अक्षरे गळाली होती. तेवढ्याने मेंदूच्या एकाच भागातल्या, भाषेशी संबंधित खाचेभोवतीच्या वळ्या बिघडल्या. एकाच जनुकाला मेंदूच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळी बटणे असतात, हे त्यातून दिसले.

फक्त माणसाच्या वंशात आढळणारे ‘एआरएचजीएपी-११बी’ हे जनुक उंदराच्या गर्भात घातल्यावर काहींच्या सपाट मेंदूला घड्या पडल्या, हा जर्मनीतील ड्रेस्डेनचा २०१५ चा प्रयोगही गाजला. पण रुग्णालयातल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो: पुढच्या बाळालाही हेच होईल का?

त्याचे उत्तर एमआरआय देऊ शकत नाही, जनुकीय चाचणी बऱ्याचदा देऊ शकते. ‘एलआयएस-१’मधला बिघाड बहुतेकदा नव्याने झालेला असतो आणि पुन्हा होण्याची शक्यता कमी असते, मात्र आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांत अदलाबदल असेल तर ती वाढते. ‘डबलकॉर्टिन’चा बिघाड आईकडून आला असेल, तर पुढच्या प्रत्येक मुलग्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. काही गर्भांत वळ्या बिघडण्यास सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्गही कारण ठरतो, म्हणून तीही तपासणी लागते.

भारतात गर्भपाताची मुदत सर्वसाधारणपणे २० आठवडे, काही गटांसाठी २४. त्यापुढे गंभीर दोषासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. वळ्या आहेत की नाहीत हे स्पष्ट दिसेपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असते. पहिल्या बाळाचा नेमका जनुकीय दोष माहीत असेल, तर पुढच्या गरोदरपणात ११ व्या आठवड्यापासून वारेचा नमुना किंवा १६ व्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासता येते. त्यासाठी पहिल्या बाळाचा रक्तनमुना ते हयात असतानाच तपासून, अहवाल जपून ठेवलेला असावा लागतो.