ऐकणाऱ्याच्या मनावरचे ओझे

मुलांना सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शातला फरक सांगणारे वर्ग आता बऱ्याच शाळांत होतात. त्यांत मुलांना तीन गोष्टी शिकवतात: ठामपणे ‘नाही’ म्हणायचे, तिथून निघून जायचे आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचे. यातली तिसरी गोष्ट मुलाच्या एकट्याच्या हातात नसते. मूल सांगेल, पण ऐकणार कोण? आणि ऐकणाऱ्याचे पुढे काय होते?

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. निम्मे अपराधी ओळखीतले, विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

जी मुले आणि ज्या स्त्रिया बोलतात, त्यांचे ऐकायला समुपदेशक असतात. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. केंद्राचे हे नाव आपल्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण दिवसभर दुसऱ्यांना दिलासा देणारी बाई संध्याकाळी घरी जाते, तेव्हा ऐकलेले सारे तिच्या सोबत असते.

मॅककॅन आणि पर्लमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली या त्रासाला नाव दिले. मराठीत त्याला परोक्ष आघात म्हणता येईल. घाव दुसऱ्याला झालेला असतो, पण तो ऐकता ऐकता ऐकणाऱ्याची जगाकडे पाहण्याची नजरच बदलते. झोप उडते. ऐकलेली दृश्ये डोळ्यांपुढे येतात. स्वतःच्या मुलीला शेजारी पाठवायलाही भीती वाटते. कधी उलट होते, मन बधिर होते आणि समोरच्याच्या अश्रूंनी काहीच वाटेनासे होते. हा नुसता कामाचा थकवा नाही, म्हणून तो चार दिवसांच्या रजेने जातोच असे नाही. यात मनाचा कमकुवतपणाही नाही. मन लावून ऐकल्याची ती किंमत आहे.

शिवाय मुलाचे नाव, गाव, ओळख समुपदेशकाने गुप्त ठेवायची असते. ती एक अमानत असते, घरच्यांपाशीही मन मोकळे करता येत नाही. म्हणून दिवसाला मोजकीच प्रकरणे देणे, अनुभवी वरिष्ठांशी ठरलेल्या वेळी बोलण्याची सोय ठेवणे आणि सहकाऱ्यांनी एकमेकांना आधार देणे, याची तजवीज संस्थेनेच करायला हवी. ती नसेल तर चांगली माणसे काम सोडतात, आणि पुढच्या मुलाला ऐकणारा उरत नाही.

आपल्या घरांचा यात मोठा वाटा आहे. मूल बहुधा आधी अम्मीला, आपाला किंवा खालाला सांगते. तेव्हा ‘तू तिथे गेलास कशाला?’ असे विचारू नये. ‘तू सांगितलेस, बरे केलेस. यात तुझी काही चूक नाही’ एवढे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये. आरोप चाचांवर असो, मामूंवर असो की शिकवणाऱ्यांवर, खानदानाच्या इज्जतीसाठी तो दाबू नये. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची खबर पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि मुलाचा जबाब त्याच्या घरीही घेता येतो. १०९८ या मोफत क्रमांकावर मदत मिळते. पीडितेवर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार केलेच पाहिजेत.

हे ऐकून अम्मीचीही झोप उडेल. तिनेही एखाद्या जाणत्या समुपदेशकाशी बोलावे, त्यात लाज कसली? आणि कोणाची मुलगी किंवा सून हे काम करत असेल, तर ती घरी गप्प बसली म्हणून तिला टोचून बोलू नये. चहाचा कप पुढे करावा आणि थोडा वेळ तिला तिच्यापुरते राहू द्यावे.